पागेतील घोडा, दारातील कुत्रा : आजार, उपचार आणि गावाची जबाबदारी

पशुसंवर्धन हा शब्द उच्चारताच गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी आणि कोंबडी ही जनावरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. दूध, श्रम, मांस वा अंडी देणाऱ्या या पशुधनाचा विचार प्रथम व्हावा हे स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्याच शेजारी वावरणारे घोडा आणि कुत्रा हे दोन प्राणी मात्र ग्रामसभेच्या चर्चेत क्वचितच येतात. वस्तुतः या दोघांचाही आपल्या लोकजीवनाशी निकटचा संबंध आहे. पावसाळा सरला की मेंढपाळ धनगरांचा वाडा चराईसाठी बाहेर पडतो, त्या वेळी सारे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते आणि कळपाची राखण कुत्र्याकडे असते. माथेरान, महाबळेश्वर व पाचगणी येथे घोड्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दख्खनच्या पठारावरील काटक भीमथडी घोड्यास तर आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे.

असे असूनही घोड्यांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजार होती आणि २०१२ च्या तुलनेत ती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाली होती. दुसरीकडे कुत्रा व मांजर पाळण्याची आवड शहरांबरोबर खेड्यांतही वाढत आहे. या प्राण्यांना होणारे बहुसंख्य आजार नित्याचे असून ते वेळीच ओळखल्यास बरे होतात. काही मोजके आजार मात्र असे आहेत की ते एकदा जडल्यावर त्यांवर उपाय उरत नाही आणि ते माणसालाही होतात. पहिल्या प्रकारच्या आजारांत मालकाची दक्षता पुरेशी असते. दुसऱ्या प्रकारात मात्र सबंध गावाने आधीपासून सावध असावे लागते. हा भेद ध्यानात ठेवून या आजारांची माहिती येथे दिली आहे.

निरोगी जनावराची लक्षणे

आजार ओळखावयाचा तर आरोग्य कसे असते ते आधी माहीत हवे. निरोगी घोड्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते. विश्रांतीच्या अवस्थेत त्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ ठोके देते आणि श्वास मिनिटाला ८ ते १६ वेळा चालतो. कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंशांपर्यंत असते. त्यामुळे माणसाच्या मापाने त्याला ‘ताप’ आहे असे समजणे चुकीचे ठरते. हिरड्या गुलाबी व ओलसर असाव्यात. बोटाने दाबून सोडलेली हिरडी दोन सेकंदांच्या आत पूर्ववत गुलाबी झाली पाहिजे. ती पांढरी राहिल्यास रक्ताल्पतेची किंवा आघाताची, पिवळी दिसल्यास काविळीची शंका घ्यावी. चारा सोडणे, कोपऱ्यात एकटे उभे राहणे, लीद वा लघवी बंद होणे या खुणा बोलता न येणाऱ्या जनावराच्या तक्रारीच होत. गाढव तर वेदना सहसा दाखवीतच नाही. त्याने खाणे सोडले की आजार पुष्कळ पुढे गेला आहे असे समजावे.

घोड्याचा पोटशूळ

घोड्याच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत पोटशुळाची गणना होते. त्याचे कारण या प्राण्याच्या शरीररचनेत आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते, त्याला ओकारी करता येत नाही आणि त्याचे मोठे आतडे अनेक वळणे घेत काही जागी एकदम अरुंद होते. म्हणून आत अडकलेला चारा, साचलेला वायू किंवा आतड्याला पडलेला पीळ यांतून सुटण्याचा मार्ग त्याच्यापाशी फारसा नसतो.

पोटशूळ सुरू झाला की घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे पाहतो, वारंवार बसतो व उठतो, घामाघूम होतो आणि लोळू लागतो. खुराकात अचानक केलेला बदल, एकाच वेळी दिलेला भरमसाट हरभरा किंवा धान्य, अपुरे पाणी, जमिनीवर टाकलेल्या चाऱ्याबरोबर पोटात जाणारी वाळू, जंत आणि झिजून धारदार झालेल्या दाढांमुळे न चावता गिळलेला चारा ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा वेळी पुढील चारा त्वरित काढून घ्यावा, घोडा लोळून स्वतःस इजा करून घेणार नाही इतपत त्याला सावकाश फिरवावे आणि विनाविलंब पशुवैद्यकास पाचारण करावे. तोंडातून बळेच तेल वा काढा ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. ती घातक आहे. हे द्रव श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होतो आणि पोटाच्या दुखण्यात छातीच्या दुखण्याची भर पडते. पशुवैद्यक नाकातून जठरापर्यंत नळी घालून वायू व द्रव बाहेर काढतात, वेदनाशामक इंजेक्शन देतात आणि आवश्यक तेथे शिरेवाटे सलाईन देतात. आतड्याला पीळ पडला असल्यास शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते आणि तेथे प्रत्येक तास मोलाचा ठरतो.

हा आजार टाळणे मात्र मालकाच्या हाती आहे. ३०० किलो वजनाच्या तट्टाला दररोज सुमारे ५ ते ६ किलो कोरडी वैरण मिळावी. धान्य थोडे थोडे, दोन-तीन वेळा विभागून द्यावे. खुराक बदलावयाचा असल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. पिण्यास स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध असावे आणि वर्षातून एकदा दाढा तपासून घ्याव्यात. आणखी एक धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. कोंबड्यांच्या व गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे द्रव्य मिसळलेले असते. कोंबडीला व गुरांना योग्य प्रमाणात मानवणारे हे द्रव्य घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर आघात करते व अल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. म्हणून दुसऱ्या जनावरांचे तयार खाद्य घोड्यापुढे कधीही ठेवू नये.

खूर, जखमा आणि धनुर्वात

खूर दुखावला की घोड्याचे सारे काम थांबते. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून व घासून नीट करणे, नालबंदाकडून नाल बदलून घेणे आणि दररोज खुराच्या तळातील माती व खडे काढणे एवढ्याने पायाची अर्धी दुखणी टळतात. ओल्या, लिदीने भरलेल्या जागेत बांधलेल्या घोड्याच्या खुराचा तळ कुजतो व त्यातून काळसर, दुर्गंधीयुक्त स्राव येतो. धान्याच्या अतिरेकामुळे खुराच्या आतील मऊ पडद्यांचा दाह होतो. असा घोडा पुढचे पाय पुढे टाकून सारा भार मागील पायांवर घेऊन उभा राहतो. हा आजार तातडीचा समजून त्याच दिवशी उपचार सुरू करावेत.

खोगिराच्या घर्षणाने पाठीवर पडलेल्या जखमा ओझ्याच्या घोड्यांत व गाढवांत सर्रास दिसतात. जखम भरेपर्यंत पाठीवर ओझे न घालणे हाच तिच्यावरील खरा उपचार होय. जखमेकडे दुर्लक्ष झाल्यास माश्या तीत अंडी घालतात व अळ्या पडतात. याहून मोठे भय धनुर्वाताचे आहे. या रोगाचे जंतू मातीत व लिदीत असतात आणि सर्व पाळीव प्राण्यांत घोडा या रोगास सर्वाधिक बळी पडतो. खुरात रुतलेला एखादा खिळादेखील त्यास पुरेसा होतो. कान ताठ होणे, शेपूट उचललेली राहणे, डोळ्याचा आतला पडदा बुबुळावर येणे, जबडा बसणे आणि चारही पाय लाकडी घोडीप्रमाणे ताठरणे ही त्याची लक्षणे आहेत. रोग जडल्यावर जनावर वाचवणे अवघड असते. उलट, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने लशीच्या दोन मात्रा आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुन्हा मात्रा दिल्यास संरक्षण खात्रीचे असते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख उचित ठरेल. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावर दिली जाणारी प्रतिसर्पविष लस घोड्याच्याच रक्तद्रवापासून तयार होते. हाफकिन संस्थेने हे कार्य महाराष्ट्रात दीर्घकाळ केले आहे. शेतात सर्पदंश झालेल्या आपल्या अनेक बांधवांच्या प्राणांचे ऋण या मुक्या जनावरावर आहे.

सर्रा आणि शीतज्वर

पावसाळ्यात व त्यानंतर चावऱ्या मोठ्या माश्यांचा उपद्रव वाढतो आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रोग पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात या रोगाचे सूक्ष्म परजीवी प्रथम शोधले. ताप येतो, उतरतो आणि पुन्हा येतो. चारा खाऊनही घोडा खंगत जातो. हिरड्या पांढुरक्या होतात. पायांवर व पोटाखाली सूज येते. रक्ततपासणीने निदान करून क्विनापायरामीनसारखे विशिष्ट औषध पशुवैद्यकाने दिल्यास घोडा बरा होऊ शकतो. तबेल्याभोवती शेणाचे ढीग व डबकी राहू न देणे आणि सायंकाळी धूर करणे हे माश्यांविरुद्धचे साधे उपाय होत.

शिंगरांत जबड्याखालील गाठी सुजून पिकण्याचा सांसर्गिक रोग आणि सर्व वयाच्या घोड्यांत खोकला व ताप आणणारा अश्व-शीतज्वर यांत मृत्यूचे प्रमाण कमी असले, तरी फैलाव अतिशय वेगाने होतो. १९८७ मध्ये आणि पुन्हा २००८-०९ मध्ये या शीतज्वराच्या साथी देशात पसरल्या. आजारी घोडा वेगळा बांधणे, त्याची बादली व खरारा इतरांस न वापरणे आणि ताप उतरल्यावरही काही आठवडे त्याला कामास न जुंपणे आवश्यक आहे.

कुत्र्याचे पिल्लू आणि पहिले चार महिने

कुत्र्याच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे पहिले चार महिने. या काळात पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन विषाणुजन्य रोग असंख्य पिल्लांचा बळी घेतात. पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. एकाएकी उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब आणि झपाट्याने येणारी ग्लानी ही त्याची लक्षणे आहेत. विषाणूवर थेट औषध नाही. परंतु शिरेवाटे सलाईन, उलटीवरील औषधे व प्रतिजैविके यांच्या आधारे वेळीच आणलेली पुष्कळ पिल्ले वाचतात. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. म्हणून जेथे एक पिल्लू दगावले तेथे लस न टोचलेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये. डिस्टेंपरमध्ये ताप, नाकाडोळ्यांतून घट्ट स्राव, खोकला आणि पुढे झटके येतात. या दोन्ही रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत द्यावी लागते. एकच मात्रा टोचून निश्चिंत होणे चुकीचे आहे, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीचा प्रभाव कमी करते.

गोचीड, खरूज व जंत

गोचीड रक्त पितो एवढेच त्याचे उपद्रवमूल्य नाही. तो कुत्र्याच्या रक्तात घातक परजीवी व जंतू सोडतो. ताप, पांढुरक्या हिरड्या, लालसर वा गडद लघवी, नाकातून रक्त येणे ही गोचीड-तापाची चिन्हे होत. रक्त तपासून योग्य औषधोपचार केल्यास हा आजार आटोक्यात येतो. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा, बोटांनी चिरडू नये. कुत्र्याबरोबर त्याच्या बसण्याची जागा व भिंतींच्या फटी यांचीही सफाई करावी.

खरजेवर वाहनाचे जळके तेल चोपडण्याचा प्रघात अद्याप आढळतो. कुत्रा ते चाटतो आणि त्यातील विषारी द्रव्ये त्याच्या पोटात जातात. खरजेचा एक प्रकार माणसालाही जडतो. त्यामुळे घरातील मुलांना खाज सुटल्यास कुत्र्याचीही तपासणी करून घ्यावी. जंतांच्या बाबतीत पिल्लांना दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून आणि मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. कत्तलखान्याबाहेर टाकलेली कच्ची आतडी व यकृत कुत्र्यांनी खाल्ल्यास त्यांच्या पोटात एक सूक्ष्म पट्टकृमी वाढतो व त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. म्हणून हा मांसकचरा पुरून टाकण्याची व्यवस्था करणे हे स्थानिक संस्थेचे आरोग्यविषयक कर्तव्य आहे.

घरातील औषधे : एक इशारा

माणसाला मानवणारे औषध जनावरालाही मानवेल असे नाही. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होतात. कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थही कुत्र्याला विषासमान आहेत. कुत्र्यासाठीची काही गोचीडनाशके मांजराला लावल्यास त्याला झटके येतात. तेव्हा औषध, त्याची मात्रा आणि प्राण्याचे वजन यांचा मेळ पशुवैद्यकानेच घालावा.

ज्यांवर उपचार नाहीत असे दोन रोग

आतापर्यंतचे बहुतेक आजार उपचाराच्या कक्षेतील होते. ग्लँडर्स आणि रेबीज हे दोन रोग त्या कक्षेबाहेरचे आहेत.

ग्लँडर्स हा घोडा, गाढव व खेचर यांचा जिवाणुजन्य रोग आहे. नाकातून चिकट, पिवळसर स्राव, नाकाच्या आतील व्रण, पायांवर रांगेने उठणाऱ्या व फुटणाऱ्या गाठी आणि सततचा ताप अशी त्याची लक्षणे असतात. तो घोड्याची देखभाल करणाऱ्यास होऊ शकतो व माणसातही प्राणघातक ठरतो. २००६ मध्ये हा रोग देशात पुन्हा प्रकट झाला, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील घोडेही होते. या रोगावर लस उपलब्ध नाही आणि बाधित घोड्यावर उपचार करण्यास मुभा नाही. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या कसोट्यांनुसार रोगाचे निश्चित निदान झाल्यास जनावरास वेदनारहित मरण देऊन खोल पुरावे लागते. मालकाला नुकसानभरपाई देण्याची तरतूद आहे. ही गोष्ट घोडेवाल्यांपर्यंत पोहोचवणे फार महत्त्वाचे आहे. कारण पोटाचे साधन जाईल या भीतीने आजार लपवला आणि घोडा यात्रेत नेऊन विकला, तर एका घराचे नुकसान दहा गावांत पसरते.

रेबीज अर्थात पिसाळरोग याहून अधिक परिचित व अधिक भयंकर आहे. लक्षणे प्रकट झाल्यावर माणूस काय वा प्राणी काय, जवळजवळ कोणीही वाचत नाही. माणसांतील ९९ टक्क्यांपर्यंत रुग्णांना तो कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो आणि चावा घेतलेल्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असते. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा धावून येतोच असे नाही. काही कुत्रे मुके व सुस्त होतात, जबडा लोंबतो, लाळ गळते आणि घशात हाड अडकले असावे असे समजून मालक तोंडात हात घालतो. गाय, बैल, मांजर व घोडा यांनाही हा रोग होतो.

चावा वा ओरखडा होताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट किंवा तेल जखमेवर लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठून लस घ्यावी. जखम रक्ताळलेली असल्यास जखमेभोवती रेबीज प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आवश्यक असते. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशीच पूर्ण कराव्यात. चावलेला पाळीव कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावा. मात्र त्या निरीक्षणाची वाट पाहत माणसाची लस लांबवू नये.

कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची पहिली लस आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर वर्षी एक मात्रा, एवढ्या अल्प खर्चात हा रोग रोखता येतो. एखाद्या परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली की रोगाची साखळी तुटते, असे अनुभवास आले आहे. शेजारच्या गोव्याने याचा प्रत्यय दिला आहे. तेथे शासन व स्वयंसेवी संस्था यांनी वर्षानुवर्षे घरोघरी व रस्तोरस्ती लसीकरण केले, शाळांतून मुलांना शिकवले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित करण्यात आले. त्याच वर्षी केंद्र शासनाने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनाची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली.

गावाने काय करावे

प्राण्यांतील सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध करणाऱ्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात ग्लँडर्स व रेबीज या दोन्ही रोगांचा समावेश आहे. अशा रोगाची शंका आल्यास मालकाने ग्रामपंचायतीस वा ग्राम अधिकाऱ्यास आणि त्यांनी नजीकच्या पशुवैद्यकास कळवावे, तसेच रोगी जनावर बाजारात वा यात्रेत आणू नये, असे हा कायदा सांगतो. म्हणजे या साखळीचा पहिला दुवा गावातच आहे.

ग्रामपंचायतीने गावातील कुत्र्यांची व घोड्यांची साधी नोंदवही ठेवावी. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनाच्या निमित्ताने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने लसीकरण शिबिर भरवावे. वाड्यावरच्या, वस्तीवरच्या कुत्र्यांनाही त्यात सामावून घ्यावे. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण नियमांनुसार पार पाडावे. यात्रा भरविणाऱ्या गावांनी प्रवेशाच्या जागी घोड्यांची तपासणी, पाण्याची स्वतंत्र सोय आणि आजारी जनावरासाठी वेगळी जागा ठेवावी. शिक्षकांनी मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात : झोपलेल्या, खाणाऱ्या वा पिलांजवळच्या कुत्र्याला डिवचू नये, ओरखडा झाला तरी घरी सांगावे, जखम साबणाने धुवावी. मार बसेल या भीतीने मुलाने लपवलेला चावा जिवावर बेततो, म्हणून पालकसभेतही हा विषय घ्यावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक दवाखान्याच्या, शाळेच्या व चावडीच्या भिंतीवर ठळकपणे लिहावा.

पोटशूळ, खूर, गोचीड, जंत यांची काळजी मालक घेईल आणि त्याचे फळही त्यालाच मिळेल. रेबीज व ग्लँडर्स यांच्या बाबतीत मात्र एका घरातील हयगयीची किंमत दुसऱ्याच घरातील मूल मोजते. कुत्र्याला टोचलेली लस ही त्या मुलाचीही राखण होय. हे ध्यानात घेऊन येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेतला गेला, तर गावाच्या आरोग्यरक्षणाचे मोठे काम अल्प खर्चात पार पडेल.